मदत हवी आहे: उन्हाळ्यात सामाईक भाजीबाग कशी जगवावी?

नमस्कार. नागपुरातील आमच्या वसाहतीच्या मोकळ्या जागेत काही कुटुंबे मिळून भेंडी, गवार आणि दोडका लावतात. परंतु पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की दोडक्याची फुले गळतात आणि भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. हा पांढऱ्या माशीमुळे पसरणारा केवडा रोग असल्याने तशी झाडे आम्ही उपटून टाकतो. वाफ्यांवर पालापाचोळ्याचे आच्छादन आहे आणि पाणी पहाटेच दिले जाते. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी केवळ पश्चिमेकडून लावावी की संपूर्ण वाफ्यांवर, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. शिवाय मे महिन्यात निम्मी कुटुंबे गावी जातात (आंबे तिकडे असतात, त्याला इलाज नाही). अशा वेळी पाण्याच्या पाळ्या कशा लावाव्यात, की वाफ्यांत पाण्याने भरलेली मातीची मडकी (ज्यांतून पाणी हळूहळू मुळांकडे झिरपते) पुरून भागेल?