विषय संपला नाही, किनारा संपलाय
'महायुद्धावरचे व्हिडिओ गेम आता पुरे' असं कुणी म्हटलं, तर ते मत मला अर्धंच पटतं. वीट आलाय तो युद्धाचा नाही, त्याच त्या चार प्रसंगांचा. ओमाहा बीच घ्या, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य उतरलं तो फ्रान्सचा किनारा. २००२ च्या 'मेडल ऑफ ऑनर: अलाइड असॉल्ट'मध्ये बोटीचा दरवाजा खाली पडला आणि समोरून मशीनगन सुरू झाली, तेव्हा हातातला माउस खरंच घामेजला होता. २०१७ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी'त परत तोच किनारा, तीच बोट. ग्राफिक्स कितीतरी पुढे गेलेले, पण मी आपला पुढे काय होणार हे ठाऊक असल्यासारखा जांभया देत खेळलो.

उलट पहिल्या महायुद्धावरच्या 'बॅटलफील्ड १'ची सुरुवात आठवा. तिथे तुम्ही मरणारच असता. मेलात की पडद्यावर त्या सैनिकाचं नाव आणि जन्म-मृत्यूची सालं येतात, आणि खेळ तुम्हाला दुसऱ्याच माणसात नेऊन टाकतो. (पुढचा गेम नेहमीच्या वळणावर गेला, ते सोडा.) 'धिस वॉर ऑफ माइन'मध्ये तर तुम्ही सैनिकही नाही. बोस्नियाच्या युद्धात सारायेव्हो शहराला पडलेल्या वेढ्यावरून सुचलेला हा गेम. थंडी घालवायला घरातली पुस्तकं जाळायची की नाही, हा तिथला पेच.

आणि २००७ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'चाच, पण आजच्या काळातल्या युद्धावरचा 'मॉडर्न वॉरफेअर' आला तो याच कंटाळ्यावर उतारा म्हणून. पुढे त्याचाही रतीब सुरू झालाच की! महायुद्धातल्याच इटलीतली आघाडी, बर्मा, पूर्व आफ्रिका, तिकडे किती गेम फिरकलेत?