कुटुंबासोबत क्रूझ: बोटीचे नको, बंदराचे अनुभव सांगा

ठाणेकरीण

दिवाळीनंतर सिंगापूरहून क्रूझला जायचं घाटतंय. सासू-सासरे, आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी. बोटीवर किती रेस्टॉरंट, किती घसरगुंड्या, रात्री कोणता शो हे व्हिडिओ बघून बघून पाठ झालंय. मला हवं ते मात्र कुणी दाखवत नाही. धक्क्यावर किती चालावं लागतं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, व्हीलचेअर मिळते का? बंदरात उतरल्यावर गाव किती लांब? बाळाचं खाणं कसं करायचं? दुसऱ्या मार्गांवर गेला असाल तरी लिहा, आणि बारीकसारीक लिहा. "खूप मजा आली" एवढंच नको.

मुक्काम_सिंगापूर

इथेच राहतो, पाहुण्यांना धक्क्यावर सोडून येण्याचं काम कायम माझ्याकडे असतं. मोठ्या बोटी बहुतेक मरीना बे क्रूझ सेंटरहून सुटतात. मेट्रोचं मरीना साउथ पिअर स्टेशन जवळ आहे, पण सामान आणि आजी-आजोबा असतील तर सरळ टॅक्सी करा. मोठ्या बॅगा दारातच चिठ्ठी लावून द्यायच्या, त्या संध्याकाळपर्यंत केबिनबाहेर येतात. म्हणून औषधं, बाळाचे डायपर, पोहण्याचे कपडे आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेवा. व्हीलचेअर धक्क्यावर मिळते, पण ती बुकिंग करतानाच नोंदवा. आयत्या वेळी मागितली तर ताटकळत बसाल.

कागदांचं म्हणाल तर सिंगापूरचा व्हिसा परत येईपर्यंत चालू हवा आणि त्यावर पुन्हा प्रवेश करता यायला हवा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड (प्रवेशाआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म) बोटीवरून परततानाही भरावं लागतं, तेही पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत. मलेशियाला सध्या भारतीयांना व्हिसा लागत नाही, तिथलं डिजिटल कार्ड मात्र भरून ठेवा.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बोट थांबते कुठे. मलेशियातल्या पेनांगला स्वेटनहॅम पिअर हा धक्का जॉर्जटाउन या मुख्य गावाच्या अगदी काठावर आहे. बोटीतून उतरलात की गावात. लिटल इंडियात इडली-डोसा खाऊन दुपारच्या झोपेला परत येता येतं. क्वालालंपूरसाठी बोट लागते ती पोर्ट क्लांगला, आणि पोर्ट क्लांग म्हणजे क्वालालंपूर नव्हे. रस्त्याने तासभर तरी धरा, वाहतूक तुंबली तर जास्तच. फुकेतला बऱ्याच मोठ्या बोटी पातोंगसमोर समुद्रात नांगर टाकतात आणि किनाऱ्यावर लहान बोटीने नेतात. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार तिथे करावा लागेल.

जुना_दर्यावर्दी

लहान बोटीने नेण्याच्या या प्रकाराला टेंडर म्हणतात. आमच्या पिढीतल्या कोकण्यांना तो समजावून सांगायला नको. भाऊच्या धक्क्यावरून कोकणची 'रोहिणी' बोट सुटायची त्या काळात वाटेतल्या कित्येक बंदरांना बोट लागेल असा धक्काच नव्हता. बोट खोल पाण्यात उभी राहायची, खाली पडाव, म्हणजे होडी, यायचा आणि ट्रंका, फणस, बाळंतिणी, सगळं त्यात उतरायचं. सांतोरिनीला हाच प्रकार पाहिला. फरक एवढाच, की या पडावाला छप्पर होतं आणि शिव्या ग्रीकमध्ये होत्या.

गुडघेदुखीवाल्यांसाठी खरी अडचण असते एका पावलाची. बोटीच्या पोटातलं दार उघडतं, पुढे छोटा फलाट आणि त्याला लागून टेंडर वर-खाली होत असतं, कधी वीतभर तर कधी हातभर. दोन खलाशी दोन्ही बाजूंनी दंड धरतात, टेंडर वर आलं की "स्टेप" म्हणतात, आणि त्याच क्षणी पाय टाकायचा. आमच्या हिने पहिल्यांदा पाय उचलला आणि मागे घेतला. खलाशी म्हणाला, "नेक्स्ट वन, मादाम," आणि पुढच्या लाटेला तिला अलगद आत घेतलं. घाई कुणीच केली नाही. पण समुद्र खवळला असेल तर व्हीलचेअरवाल्यांना नाही म्हणतात, आणि फारच खवळला तर कप्तान ते बंदरच रद्द करतो. त्यावर वाद घालून उपयोग नाही.

सांतोरिनीला पुढे आणखी एक परीक्षा. जुन्या बंदरापासून 'फिरा' नावाचं गाव वर कड्यावर. जायला रोपवे, नाहीतर गाढवं, नाहीतर पाचशेऐंशीच्या वर पायऱ्या. एकाच दिवशी तीन-चार बोटी आल्या, की परतीच्या रोपवेची रांग गल्लीत वळणं घेत जाते. सूर्यास्त बघत बसाल तर धावपळ होईल.

वास्को_टू_बोरीबंदर

मुंबई-गोव्याचं थोडक्यात सांगतो. मुंबईत बॅलार्ड पिअर. सीएसएमटीवरून टॅक्सीने फार वेळ लागत नाही, पण पोहोचवायला येणाऱ्या मंडळींना फाटकाबाहेरूनच टाटा करावा लागतो. गोव्यात बोट मुरगावला लागते. हे मालवाहतुकीचं चालतं बंदर आहे, आत पायी फिरू देत नाहीत. बसने फाटकापर्यंत सोडतात. तिथून पणजी साधारण तीस किलोमीटर. ओला-उबरच्या भरवशावर राहू नका, टॅक्सीचा दर आधी ठरवा. हातात थोडे तास असताना कळंगुट गाठायचा अट्टहास कशाला? बोगमाळोला जा, पोरांना वाळूत सोडा, मासळीचं ताट खा आणि वेळेत परत या.

लक्षद्वीपच्या फेऱ्यांमध्ये परवान्याचे कागद आधी लागतात, आणि तिथेही बेटावर लहान बोटीनेच उतरवतात. आमच्या वेळी लाटांमुळे उतरणं रद्द झालं. बंदर शुल्काचे पैसे परत आले, बाकी काही नाही. अटी वाचल्या तर बहुतेक ठिकाणी हेच लिहिलेलं असतं.

दोन_पोरांची_आई

बाळाचं मी सांगते. बहुतेक बोटींवर बाळ किमान सहा महिन्यांचं लागतं, महासागर ओलांडणाऱ्या फेऱ्यांना वर्षाचं. (गरोदर बाईला चोविसावा आठवडा लागणार असेल तर घेत नाहीत, नणंद-जावेला विचारून घ्या.) तुमची लेक डायपरमध्ये असेल तर मोठ्या बोटींच्या तलावात सोडत नाहीत, पोहण्याचा खास डायपर घातला तरी नाही. काही बोटींवर अशा बाळांसाठी कारंज्यांची वेगळी जागा असते, तेवढी बुकिंगआधी विचारा. मोफतचा बालविभाग साधारण तीन वर्षांपुढच्यांना. मोठ्याला तिथे मनगटावर पट्टा बांधतात, त्यावर आणीबाणीत त्याला कुठे न्यायचं तो क्रमांक असतो. पट्टा काढू देऊ नका.

केबिनमध्ये बाळाची खाट मागितली की देतात, पण ती उघडली की चालायला जागा उरत नाही. बाबागाडी घडी होणारी आणि अरुंदच न्या. घरचं शिजवलेलं अन्न बोटीवर चालत नाही; बंद पाकिटातला कोरडा खाऊ सहसा चालतो. मऊ वरणभातासाठी पहिल्याच रात्री जेवणघरातल्या मुख्य वाढप्याला गाठा. आमचा गोव्याचाच निघाला! रोज सातला वाटीभर मऊ भात, वर तूप, न सांगता टेबलावर. दूध गरम करायला किटली नेऊ नका, किटली आणि इस्त्री दोन्ही काढून घेतात. स्टीलच्या उभ्या भांड्यात कढत पाणी मागवायचं आणि बाटली त्यात ठेवायची.

सासूबाईंची_लाडकी

किटली नाही तर सकाळचा आमचा चहा?

दोन_पोरांची_आई

बुफेत गरम पाणी नेहमी असतं, चहाची पाकिटं घरची न्या. दूध मात्र मागून घ्या, नाहीतर पांढरी पावडर मिळते.

न्यूजर्सीकर

अमेरिकेतल्यांसाठी. एच-१बीचा (नोकरीच्या व्हिसाचा) पासपोर्टवरचा शिक्का संपलाय, पण आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे, अशांनी बंदरांची यादी नीट पाहा. फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलात तर जुन्या शिक्क्यावर परत येता येतं. बहामाज आणि कॅरिबियन बेटांना ही सवलत एच-१बीवाल्यांना नाही. एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना आहे, क्युबा सोडून. म्हणजे एच-१बीवाल्यांना त्याच मायामीहून मेक्सिकोतल्या कोझुमेलची बोट चालेल, बहामाजमधल्या नासाऊची नाही. अमेरिकी शेजारी नुसत्या जन्मदाखल्यावर जाऊन येतात म्हणून आपणही जाऊ असं समजू नका.

अलास्काला जाणाऱ्यांनी भारतातून आलेल्या आई-वडिलांचा कॅनडाचा व्हिसा आधी काढावा. सिएटलहून सुटून सिएटललाच परतणारी बोटही मध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, कारण परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेच्या १८८६च्या कायद्यामुळे वाटेत परदेशी बंदर घ्यावं लागतं. तुम्ही तिथे उतरणार नसलात तरी कागद मागतातच.

फिरस्ता_पुणे

रोमचं लिहितो. बोट लागते चिविटावेकियाला, रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटर. बोटीकडची सहल माणशी घेतली तर सहा जणांचा खर्च पाहून डोळे फिरतात. आम्ही बंदराच्या बसने बाहेर लार्गो देला पाचेला आलो, तिथून स्टेशन गाठलं, लोकल पकडली आणि रोमा सान पिएत्रोला उतरलो. व्हॅटिकन तिथून पायी. पोरं खूश, खिसा खूश.

ठाणेकरीण

आणि गाडी उशिरा आली असती तर?

जुना_दर्यावर्दी

तर बोट गेली असती! बोटीची सहल घेतली असेल आणि तीच अडकली, तर बोट थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत नेऊन पोहोचवायचं तेच बघतात. स्वतः गेलात तर कुणी थांबत नाही. केबिनमधले पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटाकडे देतात आणि तुम्ही आपल्या खर्चाने पुढचं बंदर गाठायचं. सहा जणांचं, दोन लेकरांसह.

फिरस्ता_पुणे

काका, म्हणून तर सुटण्याच्या तीन तास आधीची गाडी धरली. शिवाय घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवलं. मोबाइल आपोआप गावची वेळ दाखवतो आणि दोन्हींत तासाचा फरक असू शकतो. तरी लहान बाळ बरोबर असेल तर लांबच्या बंदराला बोटीची सहल घ्या, हे मान्य. पेनांगसारख्या ठिकाणी मात्र पैसे वाया.

मोबाइलवरून आठवलं, बोट सुटताना तो विमान मोडवर टाका. समुद्रात बोटीचं नेटवर्क आपोआप पकडलं जातं आणि त्याचं बिल नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही.

सासूबाईंची_लाडकी

उलट्यांचं कुणीच बोललं नाही. केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हलणं कमी. अ‍ॅव्होमीन घ्यायची तर बोट हलायच्या आधी. ती झोप आणते, तेव्हा वयस्कर माणसांसाठी डॉक्टरांना विचारूनच. आमच्याकडे आलेपाकावर भागलं. आणि प्रवास विम्यात क्रूझ लिहिलेली आहे ना ते बघा, बोटीवरचा डॉक्टर फी घेतो आणि ती डॉलरमध्ये असते.

मुक्काम_सिंगापूर

सासू-सासऱ्यांनी क्वालालंपूर आधी पाहिलं असेल तर पोर्ट क्लांगला उतरूच नका. सगळी बोट मोकळी होते, लिफ्टला रांग नाही, बुफेत खिडकीजवळचं टेबल मिळतं आणि सात वर्षांच्याला घसरगुंडीवर पुन्हा पुन्हा सोडतात.

ठाणेकरीण

पेनांगवाली बोट बघतेय. व्हीलचेअरचं आत्ताच मेल केलं.