भारतीय दूतावासांचे सांस्कृतिक आणि शैक्षणिक काम यजमान देशातील लोकांपर्यंत खरोखर पोहोचते का?

वाटसरू

माझे काही नातेवाईक परदेशात असल्यामुळे तेथील भारतीय दूतावासाच्या फेसबुक पानावर माझे अधूनमधून लक्ष असते. योग दिन, हिंदी दिवस, दिवाळीचा स्नेहमेळावा, एखाद्या नृत्यपथकाचा दौरा आणि मध्येच एखादी शिष्यवृत्तीची सूचना, असा वर्षभराचा क्रम दिसतो. छायाचित्रे पाहिली तर पहिल्या रांगेत स्थानिक पाहुणे असतात आणि मागची सगळी सभागृहभर आपलीच मंडळी. माझी शंका अशी आहे, की यजमान देशातल्या सामान्य माणसापर्यंत यातले काय पोहोचते? दूतावासाने हे काम करावे याला काही औपचारिक आधार आहे का, आणि शिष्यवृत्तीची बाजू प्रत्यक्षात कशी चालते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शिरस्तेदार

औपचारिक आधार भक्कम आहे. राजनैतिक संबंधांविषयीच्या 1961 च्या व्हिएन्ना कराराच्या तिसऱ्या कलमात दूतावासाची जी कामे सांगितली आहेत, त्यांत प्रतिनिधित्व, वाटाघाटी यांच्याबरोबरच दोन देशांतील आर्थिक, सांस्कृतिक आणि वैज्ञानिक संबंध वाढवणे हेही नमूद आहे. त्यामुळे राजदूताने तबल्याच्या मैफलीला हजेरी लावणे हा नोकरीबाहेरचा छंद ठरत नाही. त्याच कराराचे 41 वे कलम मात्र यजमान देशाचे कायदे पाळण्याचे आणि त्याच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करण्याचे बंधन घालते, आणि सांस्कृतिक शाखेचा अधिकारी वक्ते ठरवताना ते सतत डोळ्यांसमोर ठेवतो.

आपल्याकडे या कामाची मुख्य यंत्रणा म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद. मौलाना आझाद यांच्या पुढाकाराने ती 1950 मध्ये स्थापन झाली आणि आज ती परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. परदेशांतील सांस्कृतिक केंद्रे, परदेशी विद्यापीठांमधील अध्यासने (भारतविषयक अध्यापनासाठी ठेवलेल्या प्राध्यापकांच्या जागा), कलापथकांचे दौरे आणि बहुतेक शिष्यवृत्त्या तिच्याकडून चालतात. जेथे स्वतंत्र केंद्र नाही तेथे हे सगळे दूतावासातील एकाच अधिकाऱ्याच्या गळ्यात पडते आणि बहुधा त्याच्याकडे माहिती विभागासारखे दुसरेही खाते असते. अशा ठिकाणी सर्वांत मोलाची व्यक्ती म्हणजे वर्षानुवर्षे टिकून असलेला स्थानिक कर्मचारी. कोणत्या शाळेचे मुख्याध्यापक उत्साही आहेत आणि कोणत्या महिन्यात परीक्षा असल्यामुळे सभागृह रिकामे राहील, हे त्यालाच ठाऊक असते. अधिकारी तीन-एक वर्षांत बदलून जातो.

आपली पहिल्या रांगेची शंका रास्त आहे. पण योग दिनाला मी त्या यादीतून वगळेन. डिसेंबर 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत त्याचा ठराव 177 देशांच्या सहपुरस्कारासह संमत झाला, आणि मुख्य म्हणजे तेथे गर्दी जमवावी लागत नाही. स्थानिक योगवर्ग आधीपासून चालूच असतात. दूतावास त्यांना एका मैदानावर एकत्र आणतो एवढेच.

उत्तरपत्रिका

शिष्यवृत्तीच्या बाजूविषयी मी लिहितो, कारण एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षाचे काम मी पाहिले आहे.

येथे दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिली पदवी, पदव्युत्तर आणि संशोधनासाठीची. विद्यार्थी परिषदेच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करतो, विद्यापीठांचा पसंतीक्रम देतो आणि इंग्रजीत एक निबंध लिहितो. विद्यापीठ प्रवेशास होकार देते आणि त्यानंतर त्या देशातील आपला दूतावास शिष्यवृत्ती देऊ करतो. वैद्यकीय पदवीसाठी ही योजना नाही, हे न वाचताच अर्ज करणारे दरवर्षी असतात. दुसरी वाट म्हणजे 1964 पासून चालू असलेला भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम, ज्याला सगळे ‘आयटेक’ म्हणतात. तो प्रामुख्याने नोकरीतील अधिकाऱ्यांसाठी आहे: काही आठवड्यांचे अभ्यासक्रम, उमेदवाराचे नाव त्याच्याच सरकारकडून दूतावासाकडे येते, आणि विमानप्रवास, शुल्क, राहणे हा सगळा खर्च भारत उचलतो. लेखापरीक्षण, निवडणूक व्यवस्थापन, सायबर सुरक्षा असे त्याचे विषय असतात. छायाचित्रात हे काम अगदीच फिके दिसते, परंतु परतलेला माणूस आपल्या खात्यात पुढची पंधरा-वीस वर्षे फाइलींवर सह्या करत असतो.

अफगाणिस्तानचे माजी अध्यक्ष हमीद करझाई सिमल्याच्या हिमाचल प्रदेश विद्यापीठात शिकले आणि मलावीचे माजी अध्यक्ष बिंगू वा मुथारिका दिल्लीत. अशी नावे भाषणांत हमखास घेतली जातात. माझ्या मते मात्र खरी कसोटी विद्यार्थी विमानतळावर उतरल्यापासून सुरू होते. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला चौदा दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. त्यासाठी राहत्या जागेचा पुरावा हवा, आणि वसतिगृहाची खोली मिळाल्याशिवाय तो पुरावा मिळत नाही. त्यातच बँक खाते उघडेपर्यंत निर्वाहभत्ता हाती पडत नाही. पूर्व आफ्रिकेतून आलेला एक मुलगा पहिला हप्ता येईपर्यंत वर्गमित्रांच्या उसनवारीवर राहिला होता. दूतावासाने वर्षभर कमावलेली सदिच्छा अशा एका खिडकीवर खर्ची पडते, आणि ती खिडकी दूतावासाच्या हातात नसते.

स्पष्टवक्ता

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरी एक मुद्दा राहिला. एकतर्फी दिलेली संस्कृती पाहुण्यासारखी राहते आणि यजमानाची मर्जी फिरली की तिला निघावे लागते. रशियाने 2018 मध्ये ब्रिटिश कौन्सिल या ब्रिटनच्या सांस्कृतिक व शैक्षणिक संस्थेचे काम बंद पाडले ते राजनैतिक वादातून. तेथे इंग्रजी शिकणाऱ्यांचा काही दोष नव्हता. याउलट ज्या संस्थेत यजमान देशाचाही पैसा आणि अधिकार गुंतलेला असतो, ती टिकते. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्था भारत आणि मॉरिशस यांनी मिळून 1970 मध्ये उभी केली, आणि तेथे हिंदी, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीही शिकवली जाते. (मॉरिशस राष्ट्रकुलात असल्यामुळे तेथे आपले उच्चायुक्तालय आहे, दूतावास नव्हे, कामात फरक पडत नाही.) भारत आणि अमेरिका यांच्यातील फुलब्राइट शिष्यवृत्ती कार्यक्रमाचेही तेच. मूळ करार 1950 चा, पण 2008 मध्ये तो नव्याने होऊन भारत खर्चात भागीदार झाला आणि त्याबरोबर निवडीतही बरोबरीचा वाटा आला.

तेव्हा निधी मर्यादित असेल तर नृत्यपथकाचे दोन दौरे कमी करून तो एखाद्या स्थानिक विद्यापीठातील अध्यासनाला द्यावा, असे माझे मत आहे.

शिरस्तेदार

स्पष्टवक्ता, तत्त्वतः मान्य. अडचण अशी, की दौऱ्याचा अहवाल छायाचित्रांसह आठवड्यात मुख्यालयाला जातो, तर अध्यासनासाठी सामंजस्य करार, यजमान विद्यापीठाची मान्यता आणि योग्य प्राध्यापकाची निवड यांत अधिकाऱ्याचा निम्मा कार्यकाळ सरतो. शिवाय प्राध्यापक गेला की काही ठिकाणी ती जागा बराच काळ रिकामीच राहते.

वाटसरू

सर्वांचे आभार. उत्तरपत्रिका, एक पुरवणी प्रश्न: शिक्षण संपवून मायदेशी परतलेल्या विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवण्याची काही व्यवस्था दूतावासाकडे असते का?

उत्तरपत्रिका

असते, पण ती देशागणिक बदलते. अनेक दूतावास दरवर्षी ‘आयटेक दिन’ साजरा करून माजी प्रशिक्षणार्थींना बोलावतात, आणि काही देशांत माजी विद्यार्थ्यांच्या संघटनाही आहेत. विद्यापीठांकडे मात्र बहुधा विद्यार्थ्याचा भारतातला मोबाइल क्रमांकच नोंदलेला असतो, आणि तो देश सोडताच बंद होतो. आमच्या कक्षात आम्ही निरोपाच्या अर्जावर घरचा पत्ता आणि कायमचा ईमेल लिहून घेऊ लागलो आणि ती यादी संबंधित दूतावासाकडे पाठवू लागलो.