बहिष्कार मोठ्यांचा, खेळणे मुलांचे : आपले अनुभव लिहा

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या चेंबूरच्या सोसायटीत चिनी वस्तू न घेण्याची शपथ घरोघर फिरली आणि मीही ती मनापासून घेतली. दुकाने धड उघडत नसल्याने पहिले काही महिने शपथ आपोआप पाळली गेली. ऑक्टोबरात मुलीचा सहावा वाढदिवस आला तेव्हा मात्र तिने मागितलेली बाहुली मी उलटी केली, पाठीवरची बारीक अक्षरे वाचली आणि ती पुन्हा फळीवर ठेवली. कारण सांगताना मी सैनिक, सीमा आणि पैसा यांची जी मोळी बांधली, तिच्यातून मुलीने नेमके काय उचलले हे दोन महिन्यांनी कळले. शेजारच्या मुलीची बाहुली हातात घेऊन, तशीच उलटी करून ती म्हणाली, "तुझी बाहुली शत्रूची आहे." ती मुलगी रडत घरी गेली. तिच्या आईची माफी मागायला मी गेले खरी, पण शब्द सापडेनात, कारण ती शपथ आम्ही दोघींनी एकाच दिवशी घेतली होती.

तत्त्वासाठी एखादे खेळणे, एखादी कंपनी किंवा एखाद्या देशाचा माल आपण घरात बंद केला असेल, तर मुलांना काय सांगितले आणि ते किती दिवस टिकले, हे कृपया लिहावे. कोणती कंपनी वाईट हा वाद इथे नको, म्हणून नावे टाळावीत.

क्रॉफर्ड मार्केटजवळचा एक दुकानदार :
माझे खेळण्यांचे दुकान आहे आणि मी दोन मुलांचा बापही आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो. २०२० साली गिऱ्हाईक खोका उलटा करून पाहू लागले हे खरे. पण देशी गाडी शंभर रुपयांनी महाग निघाली की खोका पुन्हा सुलटा होई. चिनी माल माझ्या फळ्यांवरून उतरला तो मुख्यतः सरकारी कागदांमुळे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, म्हणजे गलवानच्या आधीच, अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले होते आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आणि त्यासाठी परदेशी कारखान्यालाही भारतीय मानक ब्युरोचा परवाना घ्यावा लागू लागला. त्याआधीच्या दिवाळीत जुना चिनी माल मी पडेल त्या भावाने काढला, तेव्हा उडालेली झुंबड पाहता बहिष्कार नेमका कोणी घातला होता हा प्रश्न मला पडला. देशी म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटरीच्या गाडीतली मोटार आजही पुष्कळदा तिकडचीच असते. विचारले तर मी सांगतो. कोणी विचारत नाही.

माझ्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर, काळबादेवीत, १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू या गिरणी कामगाराने विलायती कापडाची लॉरी अडवताना प्राण दिले. मुलांना ती जागा दाखवली तेव्हा धाकट्याने विचारले, "मग त्या लॉरीतले कापड कोणी घेतले?" मला उत्तर देता आले नाही.

मुलुंडची एक आई :
माझी मुलगी सावळी आहे. ती चार वर्षांची असताना तिच्यासाठी बाहुली शोधायला गेले, तर संपूर्ण मांडणीत गोऱ्या वर्णाशिवाय दुसरी बाहुलीच नव्हती. १९९२ साली अमेरिकेत निघालेली एक बोलकी बार्बी "गणिताचा तास कठीण असतो" असे म्हणत असे आणि लोकांनी ओरड केल्यावर कंपनीला ते वाक्य काढावे लागले, ही हकिगत मी कधीतरी वाचली होती. त्या आवेशात मी दुकानातल्या सगळ्याच बाहुल्यांवर फुली मारली. सासूबाईंनी त्यांच्या जुन्या तपकिरी लुगड्याची कापडी बाहुली शिवली, काळ्या दोऱ्याने डोळे काढले, नाकात मण्याची चमकी घातली. मुलीने तिला आठवडाभर कुशीत घेऊन झोपवले. मग एका सकाळी पाहते तो तिने बाहुलीच्या तोंडाला माझी पावडर फासलेली. "आता ती लग्नाला येऊ शकते," असे म्हणाली. हे तिला कोणत्याही कंपनीने शिकवले नव्हते. आदल्याच आठवड्यात आम्ही एका लग्नाला गेलो होतो आणि तिथे तिच्या रंगाबद्दल माझ्या दोन मावश्या काय बोलल्या ते तिने ऐकले होते. दुकानावर बहिष्कार घालणे मला जमले. मावश्यांकडे मी अजून जाते.

परळचे एक वडील :
२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी सीएसटीहून सुटलेल्या गाडीत होतो. माझ्यानंतर काही मिनिटांनी तिथे गोळीबार सुरू झाला. मुलगा झाल्यावर घरात खेळण्यातली बंदूक येणार नाही, असे मी ठरवून टाकले आणि बंदुका बनवणाऱ्या कंपनीची इतर खेळणीही बंद केली. पेच एवढाच झाला की माझे वडील पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सात वर्षांच्या मुलाने त्यांच्यासमोरच विचारले, "आजोबांकडे बंदूक होती, मग ते वाईट का?" वडील काही बोलले नाहीत. दिवाळीत त्यांनी टिकल्यांच्या डब्या आणल्या, पिस्तूल आणले नाही, आणि नातवाला चाळीच्या पायरीवर बसवून दगडाने टिकल्या फोडायला शिकवले. आमच्याकडे अजून तोच तोडगा चालतो.

बोरिवली :
आमचा बहिष्कार दुबईहून मामा येईपर्यंत टिकला. मामाने आणलेल्या वस्तू उलट्या करून पाहायच्या नसतात, असे आईने जाहीर केले.

लालबाग :
संक्रांतीला आम्ही चिनी मांजा घेत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली आणि जखमी पक्षी परळच्या जनावरांच्या दवाखान्यात येतात, हे आम्ही मुलांना प्रत्यक्ष नेऊन दाखवले आहे. हा मांजा बराचसा आपल्याकडेच तयार होतो, नाव तेवढे चिनी, हे कळल्यावर थोरल्याने आपल्या वहीतून 'चिनी' हा शब्द खोडून तिथे 'नायलॉनचा' असे लिहिले. आमच्या घरात एवढा काटेकोरपणा दुसऱ्या कोणी दाखवलेला नाही.

आतापर्यंतचे अनुभव मी काल मुलीला वाचून दाखवले. ती आता मोठी झाली आहे आणि शत्रूच्या बाहुलीची गोष्ट निघाली की उठून जाते. काल उठली नाही. पावडर लावलेली बाहुली लग्नाला गेली का, एवढे तिने विचारले आहे; मुलुंडच्या ताईंनी जमल्यास कळवावे.