मदत हवी आहे: भावाची मानसोपचारतज्ज्ञांकडे पहिलीच भेट

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. चार महिने झाले, पहाटेपर्यंत जागाच असतो, जेवण निम्म्यावर आलंय, नोकरीही सोडली. खूप समजावल्यावर तयार झालाय. गुरुवारी साताऱ्यात अपॉइंटमेंट आहे.

१४४१६ या टेली मानसच्या (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) नंबरवर मी बोलले, मराठीतच. झोप, भूक, व्यसन, घरात आधी कुणाला असा त्रास होता का, जीव द्यावासा वाटतो का, हे सगळं डॉक्टर पहिल्या भेटीत विचारतात म्हणे. थायरॉइड आणि बी-१२ची रक्ततपासणीही सांगू शकतात.

त्याला एकच भीती आहे, 'मला ठेवून घेतील, शॉक देतील.' २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही, माहिती गुप्त ठेवावी लागते, हे मी त्याला वाचून दाखवलं. तरी रात्री परत तेच विचारतो. आमच्या एका काकांना वर्षानुवर्षं देवऋषाकडेच नेलं, डॉक्टरांकडे कधीच नाही. ते त्याने लहानपणी पाहिलंय.

तुमच्यापैकी कुणी गेलं असेल तर सांगा: पहिल्या भेटीला साधारण किती वेळ लागतो? त्याच्याशी एकट्याशी बोलतात का? आई आत यायचा हट्ट धरतेय, पण तिच्यासमोर तो तोंडच उघडणार नाही. मी पाहिलेल्या गोष्टी तारखेनिशी लिहून ठेवल्यात. तो कागद त्याच्यादेखत दिला तर चुगली केल्यासारखं वाटेल का त्याला? आणि पहिल्याच दिवशी गोळ्या सुरू करतात का? कृपया बुधवारपर्यंत सांगा.