समृद्धीवर गाडीत मागच्या सीटला काहीच ऐकू येत नाही, डॅम्पिंग करू का आधी टायर? मदत हवी आहे

सावंगीकर

नमस्कार मंडळी, गाड्यांमधलं मला पेट्रोल भरणे आणि हवा चेक करणे याच्यापलीकडे फार कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गाडी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक, ५२ हजार किमी झालेत. (कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा त्यावरच भरकटतो.) मी संभाजीनगरला, बहीण नागपूरला, दीड-दोन महिन्यांतून एक चक्कर होतेच आणि समृद्धी झाल्यापासून दुसऱ्या रस्त्याने जायचा प्रश्नच येत नाही. रस्ता भारीच आहे पण सगळा काँक्रीटचा. शंभरच्या वर गेलं की गाडीत एक सलग घुंSSS सुरू होतं ते टोलनाक्यापर्यंत थांबतच नाही.

मला स्वतःला सवय झालीये, गाणी मोठ्याने लावतो. अडचण आईची आहे. ती मागे बसते आणि तिला कानाला मशीन आहे, आता ते मशीन बिचारं बोलणं आणि रस्त्याचा आवाज दोन्ही मोठं करून देतं, तर ती सावंगीच्या इंटरचेंजला गाडी वर चढली की मशीन काढून पर्समध्ये ठेवते आणि नागपूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत गप्प बसून राहते. मागच्या वेळी चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "तुम्ही दोघं काय हसत होतात रे मघाशी?" तेव्हापासून डोक्यात बसलंय की हे काहीतरी करून कमी करायचं.

एका अॅक्सेसरीवाल्याकडे गेलो, त्याने डॅम्पिंगचे, म्हणजे पत्र्याला आतून आवाज दाबणाऱ्या शीट चिकटवायचे, चार दारांचे १८ हजार आणि पूर्ण गाडीचे ३८ हजार सांगितले. डेमो गाडीचं दार ठोकून दाखवलं, साध्या दाराचा टण्ण आणि शीट लावलेल्याचा धप्प. ऐकायला छान वाटलं खरं. पण १८ हजार घालून आईला ऐकू येणार का हे विचारलं तर "फरक पडेल ना सर" एवढंच.

मोबाईलवर आवाज मोजायचं अॅप टाकलं, काँक्रीटवर १०० च्या स्पीडला ७४ डेसिबल दाखवतं. जाणकारांनी सांगा, दारं करू, पूर्ण गाडी करू का अजून काही?

पाना_बारा

दादा, पैसे खिशातच ठेवा थोडे दिवस. आधी आवाज कुठला ते शोधा. काही प्रश्न:

समृद्धीवरून उतरून डांबरी रस्त्याला लागलात की त्याच स्पीडला आवाज एकदम पडतो का? पडत असेल तर तो टायर आणि रस्त्याचाच. रस्ता मोकळा असताना क्षणभर क्लच दाबून बघा, इंजिनचे फेरे खाली येऊनही घूं तसाच राहिला तर इंजिन निर्दोष. लांब वळणावर एका बाजूला जाताना वाढतो आणि दुसऱ्या बाजूला कमी होतो असं असेल तर व्हील बेअरिंग बघून घ्या, त्याला कितीही शीटा चिकटवल्या तरी उपयोग नाही आणि ते तसं चालवूही नये.

आणि टायर कधीचे आहेत? साईडला डीओटी लिहिलेलं असतं त्याच्या शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. मग टायरवरून हात फिरवा, आधी एका दिशेने मग उलट. एकीकडून गुळगुळीत आणि उलटीकडून करवतीसारखं लागलं तर तुमचा घूं तिथेच सापडला.

सावंगीकर

बघितलं. ३४१९ लिहिलंय, म्हणजे गाडीबरोबर आलेलेच टायर. मागच्या दोन्ही टायरला करवत लागते, चांगलीच. रोटेशन (टायर पुढचे मागे करणं) कधी केलंय का विचाराल तर... नाही केलेलं. वळणावर काही फरक नाही. डांबरी रस्त्यावर अॅप ६९ दाखवतं.

ध्वनीवेडा

मी हा उद्योग घरी स्वतः केलाय, दोन रविवार आणि एक पाठदुखी गेली त्यात, म्हणून जरा लांबण लावतो.

ते दार ठोकून दाखवणं म्हणजे निव्वळ जादूचा प्रयोग आहे. ब्युटाईलची (एक प्रकारच्या रबराची) शीट पत्र्याचं थरथरणं थांबवते, म्हणून टण्णचं धप्प होतं, स्पीकरचा आवाजही सुधारतो. पण तुमच्या आई ज्या जागी बसतात तिथे आवाज येतो तो मागच्या चाकांवरच्या पत्र्यातून, डिकीच्या तळातून आणि स्टेपनीच्या खळग्यातून. हॅचबॅकला डिकी आणि केबिनच्या मध्ये भिंत नसते, डबाच तो एक. दारं केलीत तर दार लावताना महागड्या गाडीचा फील येईल, आईंना काही फरक पडणार नाही.

करायचंच झालं तर मागची सीट आणि डिकीचं कार्पेट काढून तेवढाच भाग करा. पत्रा पूर्ण मढवायची गरज नसते, मोठ्या सपाट भागावर मधोमध पाव ते अर्धा भाग झाकला तरी थरथर बरीच थांबते, दुकानदार मात्र स्क्वेअर फुटावर पैसे घेतो म्हणून सगळं झाकतो. त्यावर क्लोज्ड सेल फोम, म्हणजे पाणी न शोषणारा. साधा स्पंज किंवा ताग नको, पावसाळ्यात ओल धरते आणि खालून पत्रा गंजतो, वरून कुबट वास. आणि डांबराची स्वस्त शीट तर अजिबात घेऊ नका, विदर्भातल्या मे महिन्यात ४५ डिग्रीला उन्हात गाडी उभी केलीत की आत रोडरोलर चालवल्यासारखा वास येतो (स्वानुभव). दारं केलीत तर खालची पाणी जायची भोकं बुजली नाहीत ना ते उभं राहून बघा. सीट काढताना पिवळी कनेक्टर दिसली तर ती एअरबॅगची, तिथे बॅटरी काढल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

एवढं सगळं करून मला मिळाले फक्त २-३ डेसिबल. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० लागतात. आणि हे २-३ फुकटातही मिळतात, ११० ऐवजी ९० ने चालवा.

मठ्ठ्याचा_ग्लास

डिकीवरचा पार्सल ट्रे जागेवर आहे का? सामान मावत नाही म्हणून लोक तो काढून माळ्यावर टाकतात.

दुसरं, माझ्या सासऱ्यांना मशीन आहे. ऑडिऑलॉजिस्टला सांगून गाडीसाठी वेगळा प्रोग्राम करून घेतला, बटण दाबलं की बदलतो. सगळ्या मशीनला नसतो, विचारून बघा. आणि पुढे बसणारा समोर तोंड करून बोलतो, त्याचा आवाज काचेकडे जातो, मागे कसा पोचणार? वहिनींना मागे काकूंशेजारी बसवा की.

सावंगीकर

ट्रे माळ्यावरच होता. तुम्हाला कसं कळलं 😄

काल जाऊन आलो. ट्रे लावला, डिकीत दोन जुन्या गोधड्या दाबून ठेवल्या. हवा बघितली तर पंपावाल्या पोराने चाळीस ठोकली होती, दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय, सकाळी गाडी थंड असताना ३३ केली. बायको मागे बसली. स्पीड ९० धरला, घरून नागपूरपर्यंत नेहमीपेक्षा पाऊण-एक तास जास्त लागला आणि ट्रकवालेसुद्धा ओव्हरटेक करतात की काय असं वाटत होतं. अॅपवर मागच्या सीटला ७०.

आईने मेहकर जाईपर्यंत मशीन ठेवलं कानात. मग म्हणाली डोकं दुखतंय, काढलं. पण तोपर्यंत सुनेला मावशीच्या लग्नातली अख्खी भानगड सांगून झाली होती, जी मीही कधी ऐकली नव्हती. मशीनच्या प्रोग्रामसाठी गुरुवारची वेळ घेतलीये.

दारांचं काम रद्द. टायर मात्र चारही बदलायचेत हे नक्की, मग लागलंच तर डिकीचं बघू. साईज १७५/६५ आर १४. टायरवाला म्हणतोय १८५ टाका, ग्रिप येते. पण रुंद टायर आवाज जास्त करतो ना? कोणी टाकलेत का, आणि काँक्रीटवर कसे वाटले ते सांगा, पुढच्या रविवारच्या आत घ्यायचेत.