प्रतिसाद: क्रिएटिनिन नॉर्मल आहे म्हणजे किडनी ठणठणीत?

मूळ पोस्टमध्ये लिहिलंय की क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) रेंजमध्ये आलं की काळजी सोडा, ते मला पटत नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, त्यामुळे वय, लिंग न बघता नुसता आकडा वाचला की फसगत होते. १.१ mg/dL घ्या, बऱ्याच लॅबच्या रेंजमध्ये बसतं, पण क्रिएटिनिन, वय आणि लिंगावरून ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते याचा अंदाज) काढायच्या २०२१ च्या CKD-EPI सूत्राने २५ वर्षांच्या पुरुषाचा तो साधारण ९५ येतो आणि ७० वर्षांच्या बाईचा ५४ च्या आसपास! ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर तो क्रॉनिक किडनी डिसीजच. आणि ईजीएफआर चांगला असूनही लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जात असू शकतं, म्हणून शुगर-बीपीवाल्यांनी लघवीची एसीआर (अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण) टेस्टसुद्धा करायला हवी, ३० mg/g च्या वर सतत येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

अजून एक, आमच्या काकांना टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढलं आणि "गोळीनेच किडनी जातेय" म्हणून त्यांनी परस्पर बंद करून टाकली. डॉक्टर वैतागले, कारण या गोळ्या किडनीच्या गाळणीतला दाब कमी करतात, तेव्हा सुरुवातीला ३० टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालते, फक्त एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत तपासायचं. खरी भीती बाळगायची तर गुडघेदुखीसाठी मनानेच रोज घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या पेनकिलरची, तिच्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.